नवीन कामगार संहिता आणि समान वेतन : लहान कारखानदाराने नेमकं काय बदलायचं?

सांगलीची_चटणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळच्या एमआयडीसीत आमचं मसाले आणि चटण्यांचं युनिट आहे. कामावर ३४ जण. त्यात २२ बायका: मिरचीची देठं खुडणं, निवडणं, वजन करून पॅकिंग, सीलिंग. ९ पुरुष कांडप-दळपाच्या मशीनवर आणि माल उतरवायला-चढवायला. उरलेले तिघं ऑफिसात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे गेले, हे सगळ्यांनी वाचलंच असेल. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी फोन करून 'कम्प्लायन्स पॅकेज' विकतंय. सीएंनी पीडीएफ पाठवली, ती वाचली. पण त्यातलं ३४ माणसांच्या युनिटला काय लागू आणि काय नाही ते कळेना.

माझे खरे प्रश्न तीन आहेत.

पहिला, तातडीने करायची कामं कोणती?

दुसरा, आमच्याकडे बायकांची हजेरी (दिवसाची मजुरी) ५४० रुपये आणि पुरुषांची ६२०. आमच्या पट्ट्यात सगळीकडे असाच फरक आहे, वडिलांच्या वेळेपासून आहे. नवीन कायद्यात हे बसतं का?

तिसरा, शेजारच्या युनिटचे मालक मला सांगतात की नवीन लग्न झालेली मुलगी कामावर घेऊच नका, सहा महिन्यांचा पगार अंगावर येतो. मला हे पटत नाही. पण त्यांना उत्तर काय द्यायचं तेही माहीत नाही.

जाणकारांनी कृपया लिहा. वेळ लागला तरी चालेल, पण खात्रीचं लिहा.

---

श्रमसल्लागार

दुसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, त्यामुळे तो आधी घेतो. बहुतेक लहान मालक नेमणूकपत्रं आणि रजिस्टरांत अडकतात आणि याकडे बघतच नाहीत.

वेतन संहिता, २०१९ चं कलम ३ बघा. १९७६ चा समान वेतन कायदा आता याच संहितेत आला आहे. एकाच मालकाकडे, त्याच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी, लिंगाच्या आधारावर पगारात भेदभाव करता येत नाही. जुना कायदा स्त्री आणि पुरुष एवढ्यापुरता होता. आता ट्रान्सजेंडर कामगारही यात येतात. कामावर घेतानाही हाच नियम, हे तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी लक्षात ठेवा.

'सारख्या स्वरूपाचं काम' म्हणजे काय, त्याची व्याख्या संहितेतच आहे. कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी सारखी, कामाची परिस्थिती सारखी, आणि जो काही फरक असेल तो नोकरीच्या अटींच्या दृष्टीने व्यवहारात बिनमहत्त्वाचा. आता तुमच्या ९ जणांचा दिवस तासातासाने लिहून काढा. कांडप मशीन चालवणाऱ्याचं काम वेगळं, त्याचा दर वेगळा असू शकतो. पण जो माणूस ट्रक आला की तासभर गोण्या उतरवतो आणि बाकी वेळ पॅकिंगच्या टेबलावर बायकांच्या शेजारी उभा राहून तेच काम करतो, त्याची हजेरी ६२० आणि शेजारणीची ५४० हे टिकणार नाही. मूळ हजेरी सारखी ठेवा. गोण्या उतरवण्याचा वेगळा भत्ता ठेवा आणि जो कोणी, जी कोणी ते काम करेल तिला तो द्या.

आणखी एक गोष्ट, कारण पुढचा प्रश्न हाच येतो. पुरुषांची हजेरी खाली आणून समानता करता येत नाही. कलम ३ मध्येच तशी मनाई आहे. म्हणजे ५४० वर जाणार, ६२० खाली येणार नाही.

तातडीच्या कामांवर सकाळी लिहितो.

---

इचलकरंजीचा_माग

सल्लागार साहेबांचं म्हणणं कायद्याने बरोबर असेल. पण आकडे मांडा. ८० रुपये गुणिले २२ बायका गुणिले २६ दिवस म्हणजे महिन्याला ४५,७६० रुपये. वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास. मसाल्याच्या धंद्यात एवढा नफा आहे का? मिरचीचा दर एका हंगामात कुठून कुठे जातो ते सांगलीकरांना विचारा. ग्राहक पाकिटामागे दोन रुपये जास्त द्यायला तयार नाही.

माझ्याकडे यंत्रमाग आहेत. कांड्या भरणाऱ्या बायका आणि माग चालवणारे पुरुष, कामंच वेगळी आहेत, त्यामुळे मला स्वतःला हा प्रश्न तेवढा नाही. पण लहान माणसाची ऐपत कुणी बघत नाही, याचं वाईट वाटतं.

---

श्रमसल्लागार

माग साहेब, तुमची तळमळ खरी आहे, पण ऐपतीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच निकालात काढला आहे, आणि तो खटला आपल्या मुंबईचाच आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा. कंपनीत साहेबांच्या हाताखाली 'लेडी स्टेनोग्राफर' म्हणून बायका होत्या आणि त्यांचा पगार पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी. कंपनीचं म्हणणं होतं की या वेगळ्या वर्गातल्या आहेत, शिवाय युनियनशी तसा करार झालेला आहे, आणि आमची आर्थिक स्थितीही तशी नाही. न्यायालयाने तिन्ही मुद्दे फेटाळले. काम मुळात तेच आहे, मग वर्गाचं नाव वेगळं दिल्याने किंवा करारावर सही असल्याने भेदभाव कायदेशीर होत नाही. आणि समान वेतन देण्याचं बंधन मालकाच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून नाही.

हा निकाल जुन्या कायद्याखालचा आहे. पण नव्या संहितेतली भाषा तीच वाट पुढे नेते, म्हणून मी माझ्या प्रत्येक पक्षकाराला तो वाचायला देतो.

जोखीमही सांगतो. कमी दिलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. प्राधिकाऱ्याला रकमेच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई लावता येते. देय रकमेपेक्षा कमी वेतन देणाऱ्याला ५०,००० पर्यंत दंड, आणि पाच वर्षांत तोच गुन्हा पुन्हा घडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदी आणि संहितेच्या इतर तरतुदींतल्या पहिल्या चुकीला निरीक्षकाने खटला भरण्याआधी सुधारणेची संधी द्यायची असते, ती मालकासाठी चांगली तरतूद आहे, पण कमी वेतन दिल्याच्या गुन्ह्याला ती लागू नाही. आणि थकलेले पैसे त्याने माफ होत नाहीत.

---

सुनंदा_पॅकिंग

मी मालक नाही, कामगार आहे. मुलीने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितेय, टायपिंग तिचंच.

मी दुसऱ्या जिल्ह्यात फूड पॅकिंगच्या कारखान्यात आहे. आमच्या टेबलावर आठ जणी आणि दोन पोरं. मी सीलिंग मशीन चालवते. पट्टी जास्त तापली तर पाकीट जळतं, कमी तापली तर महिन्यात हवा शिरून माल परत येतो. रंग बघून ताप कमी-जास्त करायचा हे मी नव्या पोरांना शिकवते. पगाराच्या पुस्तकात मी 'हेल्पर स्त्री' आणि मी ज्याला शिकवलं तो 'ऑपरेटर'. त्याला माझ्यापेक्षा जास्त हजेरी. त्या पोराचा काही दोष नाही, तो मला काकीच म्हणतो.

सांगलीच्या दादांना एकच सांगणं. बायका विचारायला येणार नाहीत. काम जाईल ही भीती असते. तुम्ही आपणहून बघितलंत तरच होईल.

---

युनियनवाला_नाशिक

सुनंदाताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. अंबड-सातपूर पट्ट्यात मी हे वर्षानुवर्षं बघतोय. कामाचं वर्गीकरण कागदावर आधी ठरतं आणि पगार त्याच्या मागून येतो, म्हणून भांडण वर्गीकरणाशी करावं लागतं.

संहितांबद्दल माझं मत मी लपवत नाही. ले-ऑफ (कामगारांना तात्पुरतं घरी बसवणं), कामगार कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. संपासाठी आता सगळ्याच उद्योगांत आगाऊ नोटीस द्यावी लागते, १४ दिवस थांबावं लागतं. यात कामगाराच्या हातातलं बळ कमी झालं आहे आणि त्याला आमचा विरोध आहे, राहील. त्यामुळे ज्या तरतुदी कामगाराच्या बाजूने आहेत त्या तरी पूर्ण अमलात आल्या पाहिजेत असा माझा आग्रह आहे. प्रत्येकाला नेमणूकपत्र ही त्यातली एक. माझ्या माहितीतल्या कित्येक बायकांकडे वीस वर्षं काम करून एक चिठ्ठी नाही. कोर्टात उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, तुम्ही इथे कामाला होतात याचा पुरावा काय.

---

श्रमसल्लागार

बरोबर, आणि तातडीच्या कामांत तेच पहिलं.

व्यावसायिक सुरक्षा संहितेत आधीपासून कामावर असलेल्यांनाही, पत्र दिलेलं नसेल तर, संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नेमणूकपत्र द्यायचं आहे. म्हणजे फेब्रुवारी २०२६ चा तिसरा आठवडा. पत्र मराठीत द्या. पद, हजेरी, कामाचे तास, पगाराची तारीख एवढं तरी स्पष्ट हवं. वर्गीकरण आधी नीट करून मगच पत्रं छापा, नाहीतर जुनाच फरक तुमच्याच सहीने कागदावर येईल.

बाकीचं थोडक्यात. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. कोणी काम सोडलं किंवा काढलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता, राजीनामा दिला तरीही. ओव्हरटाइम दुपटीने. भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० पुरे. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा २० कामगार झाली आहे, ३४ जणांचं युनिट त्यात येतंच. आणि तुमच्यासाठी नियम राज्य सरकारचे लागू होतात, केंद्राचे नाहीत. ते अंतिम होईपर्यंत जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथे चालू राहतात. त्यामुळे पॅकेज विकणारा 'सगळं तयार आहे' म्हणाला तर कुठले नियम ते विचारा.

बायकांची रात्रपाळी: सकाळी ६ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांच्या संमतीनेच, आणि सुरक्षेची व्यवस्था करून. सीझनला तुमच्याकडे रात्री काम चालत असेल. नेमणूकपत्रातच सरसकट संमतीची ओळ घालू नका, वेगळा कागद घ्या आणि नको म्हणणारीला दिवसपाळीत ठेवा.

आता बाळंतपण. शेजारच्या मालकांना हे सांगा: ज्या कामगाराचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे ती ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असते. तुम्ही ३.२५ टक्के भरता, तिच्याकडून ०.७५ टक्के जातात. तिच्या २६ आठवड्यांच्या रजेचे पैसे ईएसआय महामंडळ देतं, मालक नाही. त्याआधीच्या दोन वर्गणी-कालखंडांत (सहा-सहा महिन्यांच्या) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणजे ज्या खर्चाच्या भीतीने ते मुली घेत नाहीत तो खर्च त्यांच्यावर पडतच नाही, फक्त वर्गणी वेळेवर भरली पाहिजे. ती चुकवली की मग अंगावर येतं.

---

माणदेशी

ईएसआयचा हा मुद्दा आमच्या भागात कुणालाच माहीत नाही. आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर टाकतोय. धन्यवाद सर.

---

अनघा_जमाखर्च

मी तीन लहान कंपन्यांचं पेरोल बघते. ऑफिसच्या लोकांना सध्या एकच भीती आहे की हातात येणारा पगार कमी होणार. त्याचं गणित मांडते.

समजा एकूण पगार ४०,०००. मूळ १४,००० आणि बाकी २६,००० घरभाडं, प्रवास, अमुक भत्ता, तमुक भत्ता. संहितेतल्या वेतनाच्या नवीन व्याख्येत वेतनातून वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. निम्मे म्हणजे २०,०००, तुमचे २६,०००, वरचे ६,००० परत वेतनात धरायचे. म्हणजे वेतन झालं २०,०००.

पीएफ: कंपनी १५,००० च्या मर्यादेवर कापत असेल तर आधी १४,००० चे १२ टक्के म्हणजे १,६८० जात होते, आता १,८००. फरक १२० रुपये. एवढ्यासाठी लोक झोप घालवून बसलेत.

ग्रॅच्युइटी: आधी वर्षाला १४,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे ८,०७७. नवीन २०,००० वर ११,५३८. हा वाढीव भार मात्र मालकाचा आहे आणि त्याची तरतूद आत्तापासून करायला हवी. हजेरीवरच्या कामगारांना याचा फरक पडत नाही कारण त्यांची हजेरीच बहुतेक पूर्ण वेतन असते.

सुनंदाताई, पगाराच्या पुस्तकातली 'स्त्री' आणि 'पुरुष' ही वेगळी सदरं आजही खूप ठिकाणी चालतात. पेरोल सॉफ्टवेअरमध्येही कुणीतरी ती तशीच बनवून ठेवलेली असतात आणि दरवर्षी वाढ देताना दोन्हींना वेगळी टक्केवारी लागते. आम्ही मागच्या महिन्यात एका ठिकाणी पद हाच एक रकाना ठेवला. काम दोन तासांचं होतं. अडचण मालकाला समजावण्यातच होती.

---

वेर्णा_ते_पणजी

अजून कुणी अंतर्गत समितीबद्दल, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीबद्दल, लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी गोव्यात औषध कंपनीत आहे आणि दोन समित्यांवर काम केलंय.

२०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा संहितांमध्ये विलीन झालेला नाही, तो स्वतंत्रपणे लागू आहे. १० किंवा जास्त माणसं असतील तर समिती हवीच. त्यात रोजंदारीवरचे, कंत्राटाचे, शिकाऊ सगळे धरतात. अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत एवढ्या महिला, आणि एक सदस्य बाहेरची. समिती नसेल तर ५०,००० पर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातून आलेल्या एका प्रकरणात २०२३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये या कायद्याची अंमलबजावणी किती ढिली आहे यावर कडक आदेश दिले. त्यानंतर जिल्हा पातळीवर विचारणा सुरू झाली आहे. प्रायव्हेट लिमिटेड असाल आणि कंपनी कायद्याच्या व्याख्येतली 'लहान कंपनी' नसाल तर जुलै २०२५ पासून संचालकांच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या तेही द्यावं लागतं.

कागदावरची समिती आणि चालणारी समिती यात फरक कुठे पडतो तर बाहेरच्या सदस्यात. मालकाचा मित्र वकील नेमला की बायका येत नाहीत. तालुक्यात महिलांसाठी काम करणारी एखादी संस्था असेल तिथली अनुभवी बाई घ्या, तिचा मान ठेवा, फी द्या. तिच्याकडून वर्षातून एकदा पाळीतल्या सगळ्यांशी बोलणं करून घ्या, पुरुषांशीही.

तक्रार लेखी आणि तीन महिन्यांत द्यायची असते. पण जिला लिहिता येत नाही तिला लिहायला मदत करणं हे समितीवर कायद्याने बंधनकारक आहे. मिरची निवडणाऱ्या बायकांना हे भिंतीवरच्या बोर्डावर वाचून कळणार नाही. तोंडी सांगा, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत सांगा.

---

इचलकरंजीचा_माग

अनघाताई आणि वेर्णा, दोघींचं माहितीपूर्ण. माझ्याकडे १७ जण आहेत आणि समिती नाही. दहाची मर्यादा मला ठाऊक नव्हती. इचलकरंजीत कुणी बाहेरची सदस्य म्हणून काम करणारं माहीत असेल तर इथे नाव न टाकता निरोपातून कळवा.

ऐपतीचं माझं म्हणणं मात्र कायम आहे. सरकारने लहान युनिटना बदलाच्या काळात काहीतरी आधार द्यावा.

---

युनियनवाला_नाशिक

या मागणीला माझा पाठिंबा आहे. मोठे कारखाने लहान युनिटना सुट्या भागांचे, पॅकिंगचे दर पाडून देतात आणि त्याचा भार शेवटी टेबलावरच्या बाईच्या हजेरीवर पडतो. तो दर वाढला पाहिजे, हे आपण दोघं मिळून मागू शकतो.

---

सांगलीची_चटणी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून सल्लागार सरांनी सांगितलं तसं ९ जणांचा दिवस तासातासाने लिहून काढला. हे आलं:

चौघं पूर्णवेळ कांडप आणि दळपाच्या मशीनवर. त्यांची हजेरी मशीनची म्हणून ठेवतोय. पाच जण आठवड्यातून तीन-चार वेळा ट्रक उतरवतात, बाकी वेळ पॅकिंगलाच असतात. त्यांची आणि बायकांची मूळ हजेरी एकच, ६२०, येत्या महिन्यापासून. ट्रक उतरवणाऱ्याला त्या दिवसाचा वेगळा भत्ता. खर्चासाठी होलसेल पाकिटांचा दर वाढवावा लागेल, दोन व्यापाऱ्यांशी बोललो, एक तयार आहे.

समितीसाठी मिरजेतल्या एका संस्थेशी बोलणं झालं. नेमणूकपत्रांचा मसुदा मराठीत करतोय.

एक अडचण राहिली. देठं खुडण्याचं काम आम्ही किलोवर देतो. तिथे हजेरीच नाही. त्याचं काय करू?

---

श्रमसल्लागार

किलोचा दर चालतो, पण त्यालाही किमान वेतन लागू आहे. सर्वसाधारण वेगाने काम करणारी बाई दिवसभरात किती किलो खुडते ते चार-पाच जणींचं आठवडाभर मोजा. जुनी, सरावाची अशी एकटीच निवडू नका. त्या सरासरीवर दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जात नसेल असा दर लावा, आणि मिरची ओली किंवा बारीक आली की दर बदलण्याची सोय ठेवा. मजुरी बाईच्या चुकीशिवाय कमी झाली, म्हणजे माल आला नाही, लाइट गेली, तर त्या दिवसाचंही बघावं लागेल.

---

सुनंदा_पॅकिंग

दादा, वाचून बरं वाटलं. देठं खुडणाऱ्यांना हातमोजे द्या, किलो जास्त होतात, संध्याकाळी हाताची आगही होत नाही. पातळ असतात ते, जाड नकोत, जाड घातले की देठ सापडत नाही.

आणि तुमच्याकडे सीलिंग मशीनवर ज्या जणी असतील त्यांच्या पत्रावर हेल्पर लिहू नका. ऑपरेटर लिहा.

---

सांगलीची_चटणी (धागाकर्ता)

सीलिंगवर तिघी आहेत, सुनंदाताई. त्यांचा दर मशीनवाल्या चौघांच्या बरोबरीने धरायचा की मधला ठेवायचा, यावर कामाची यादी करून उद्या इथेच टाकतो. ताप लावणं, पट्टी बदलणं, परत आलेला माल तपासणं, अजून काय काय करता तेही लिहा, म्हणजे काही सुटणार नाही.